अकरा नारळ, एक फणस, एक विहीर

पिकअप चढ चढून थांबली तेव्हा आमच्या घराच्या खिडक्या कुणीतरी चौकटीसकट काढून अंगणात ओळीनं उभ्या केल्या होत्या.

"बघ," हे म्हणाले, "साफसफाई करायलेत. आपण येणार म्हणून."

मागं आमच्या चार ट्रंका, गाद्यांची वळकटी आणि पोळपाट-लाटण्याचं पोतं होतं. बावीस वर्षांत तेराव्यांदा मी हे सगळं बांधलं होतं. ट्रंकांवर ह्यांनी कधीकाळी पांढऱ्या रंगानं एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले होते आणि ते आता पुसट झाले होते. भरतानाच मी ठरवलं होतं, ह्या खेपेला ट्रंका रिकाम्या झाल्या की भंगारात द्यायच्या.

सोळा वर्षं झाली त्याला. आमचे हे, म्हणजे भूपाल शिरगुप्पे, मूळ मिरजेचे, साखर कारखान्यातले इंजिनियर. कारखाना म्हटला की क्वार्टर, आणि क्वार्टर म्हटलं की कंत्राट संपेपर्यंतच. कर्नाटक झालं, टांझानिया झाला, केनिया झाला, शेवटी इंडोनेशियातलं सुलावेसी बेट. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचू निदान स्वतःच्या मर्जीनं तरी हिंडतो. मी ह्यांच्या बदलीच्या पत्राबरोबर हिंडले. मुलगा शिकून जर्मनीला गेला, तोही आता मला फोनवर "आई, सध्या कुठं आहेस?" असंच विचारायचा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ह्यांचं शेवटचं कंत्राट संपलं. मी मिरजेला जायची तयारी केली, तर हे म्हणाले, "मिरजेत आता आपलं कोण आहे? इथंच राहू या की. समुद्राकडं एक गाव बघून आलोय."

गावाचं नाव सांगून उपयोग नाही, नकाशात ते नाही. समुद्रावरच्या टेकाडाला धरून चाळीसएक घरं, एक मशीद, एक दुकान. तरणी पोरं बहुतेक मलेशियाला ताडाच्या मळ्यात कामाला गेलेली. कारखान्यातला एक कारकून म्हणायचा की खाली बंदर होणार, रस्ता रुंद होणार, मकासर शहरातले लोक आतापासूनच जागा हेरायलेत. आपण त्यालाच भुललो असं हे म्हणत. मला वाटतं, हे नुसत्या वाऱ्याला भुलले होते.

आणि मी घराला भुलले, हेही कबूल केलं पाहिजे. लाकडी घर, माणसाच्या उंचीहून जरा वर, खांबांवर उभं. खाली सावलीत शेळ्या बसलेल्या. चुलीशेजारची खिडकी इतकी खाली की भाजी चिरताना बसल्या बसल्या समुद्र दिसावा. फळ्यांच्या जमिनीतून खालचा गार वारा तळपायाला लागायचा. गुडघे दुखत होते तरी मी ती शिडी तीन वेळा चढले-उतरले. घर तेन्री नावाच्या एका विधवा बाईचं होतं. तिथं बायकांना 'इबू' म्हणतात, हाक मारताना नुसतं 'बू', आपण 'बाई' म्हणतो तसं.

"बू तेन्री," मी बाजारात शिकलेल्या मोडक्या भाषेत विचारलं, "तुम्ही ही जागा दिल्यावर राहणार कुठं?"

"माझ्या घरात," ती म्हणाली.

खाली रस्त्याकडं तिची लेक राहायची, तिथंच दुसरं घर असणार असं मी धरून चालले. परतताना मी ह्यांना म्हणाले, "हे घ्या. पण हे शेवटचं. इथून मला कुणी हलवायचं नाही. मेले तरी ह्याच शिडीवरून खाली उतरवा."

"दिला शब्द," हे म्हणाले.

परदेशी माणसाला तिथं जमिनीची मालकी मिळत नाही, म्हणून पंचवीस वर्षांचा भाडेपट्टा ठरला. "संपेल तेव्हा मी त्र्याऐंशीचा," हे म्हणाले. "पुढचं पुढं." गावचा मुखिया पाक बाहारुद्दीन. 'पाक' म्हणजे आपल्याकडचं 'राव'. त्याच्या ओट्यावर कागद झाला. ह्यांच्या डोक्यात आपला सातबारा. झाडं आणि विहीर पांढऱ्यावर काळं झाल्याशिवाय शेजारी कधी ना कधी भांडतोच, हा ह्यांच्या वडिलांचा धडा. म्हणून ह्यांनी उन्हातान्हात फिरून झाडं मोजली आणि कागदावर लिहवून घेतलं: अकरा नारळ, एक फणस, एक विहीर. पाक बाहारुद्दीनला ह्या चोखपणाचं कौतुक वाटलं. त्यानं तीनदा वाचून दाखवलं. घराचा विषय कुणी काढला नाही, कारण तो काढायची गरज दोन्ही बाजूंना वाटली नाही.

तर त्या शुक्रवारी आम्ही पिकअपमधून उतरलो. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. बायका तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या कढईत काहीतरी तळत होत्या, गुळाचा वास येत होता. घराच्या खाली पुरुष वाकून जाडजाड बांबू खांबांना आडवे-उभे बांधत होते. मधल्या एका खांबाला पांढरं फडकं गुंडाळून केळ्यांचा घड आणि नारळ टांगला होता.

"पूजा दिसते वास्तूची," हे खूश होऊन म्हणाले. "मुसलमान असून बघ कसं रीतभात पाळायलेत."

मला मात्र ते बांबू काही बरे दिसेनात. बू तेन्री चहाचे ग्लास घेऊन आली. नवं पातळ-झंपर म्हणावं तसा नवा पोशाख, डोक्याला फडकं, तोंडभर हसू.

"बू तेन्री, हे काय चाललंय?"

"घर निघालं," ती म्हणाली. "चहा घ्या आधी. अजून वेळ आहे. मशिदीतली माणसं नमाज करून यायचीत."

"कुठं निघालं?"

तिनं चढाखाली बोट केलं. "लेकीकडं. तिच्या अंगणात जागा केलीय. माझे गुडघे आता एकटीनं राहू देत नाहीत."

"आणि आम्ही?"

तेव्हा तिनं पहिल्यांदा आमच्या पिकअपकडं नीट पाहिलं. ट्रंका, गाद्या, पोळपाटाचं पोतं. मग रस्त्याकडं मान उंचावून मागून आणखी काही येतंय का ते बघितलं.

"तुमचं घर कधी येणार?" तिनं मनापासून विचारलं.

मी ह्यांना हाक मारली. ह्यांना कळायला मिनिटभर लागलं, मग चेहरा पांढरा झाला. एक नंबरच्या ट्रंकेत वरच कागद ठेवला होता, तो घेऊन हे पाक बाहारुद्दीनकडं गेले. तो नुकताच मशिदीतून आला होता, हातात तिथलाच भोंगा होता.

"अकरा नारळ, एक फणस, एक विहीर," त्यानं कागद वाचला. "बरोबर?"

"बरोबर."

"मग सगळं आहे की, पाक भूपाल. मोजून घ्या."

"आणि घर?"

"घर कुठं लिहिलंय?"

"घर लिहायला कशाला पाहिजे? जागेवर घर आहे म्हणजे ते—"

पाक बाहारुद्दीन कोर्टातल्या वकिलासारखा माणूस नव्हता. तो खरोखरच गोंधळला होता. "पाक, तुमच्या देशात जागा दिली की बाई आपलं घर तिथंच सोडून जाते?"

"होय," हे म्हणाले. "सगळेच जातात."

त्यानं ते जमलेल्या लोकांना त्यांच्या बोलीत सांगितलं. मला वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही. कढईपाशी बसलेली एक म्हातारी तोंडानं 'च्च' करून माझ्याकडं बघत राहिली. ती कीव होती, आणि मला तिचा भयंकर राग आला. फसवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथं कुणी फसवलंच नव्हतं. मी आमच्या दोन नंबरच्या ट्रंकेवर बसले आणि मला रडू आलं. घर गेल्याचं होतंच, पण त्याहून जास्त थकल्याचं होतं. ही चार धुडं आता पुन्हा कुठंतरी न्यायची, पुन्हा कुणाच्या तरी फळीवर आपले डबे मांडायचे, हेच सारखं मनात येत होतं.

तेवढ्यात भोंगा वाजला. पाक बाहारुद्दीन घरापुढं उभा राहून माणसं लावत होता. पुढं दहा, मागं दहा, दोन्ही अंगांना मिळतील तितकी. तरणे थोडेच, बाकी सगळे पन्नाशीच्या पुढचे, कुणाला ढेरी, कुणाच्या तोंडात दात नाहीत. शेजारच्या दोन वाड्यांतूनही आले होते. सगळे बांबूखाली वाकले. त्यानं आकडे म्हटले आणि एकदम मोठा आवाज झाला. घर आपल्या दगडांवरून वीतभर वर उठलं. आत कुठंतरी एक भांडं पडल्याचा आवाज आला. बू तेन्री खाली उभी राहून "हळू, हळू" करत होती.

मागचा डावा कोपरा वर येईना. तिथं माणसं कमी पडत होती. घर एका अंगाला कलायला लागलं आणि बायकांनी आरडाओरडा केला. मी डोळे पुसून बघते तर हे शर्टाच्या बाह्या सारत तिकडं निघालेले. निरोप समारंभात कारखान्यानं दिलेला नवा शर्ट होता तो.

"अहो!" मी ओरडले. "आपलंच घर घेऊन चाललेत आणि तुम्ही कुठं निघालात?"

"पडंल की गं ते!" हे मागं न बघता म्हणाले.

ह्यांनी दोन्ही हातांनी बांबू धरला. पाक बाहारुद्दीन धावत आला आणि ह्यांचे हात त्यानं बाजूला केले. "हातांनी नाही, पाक. हात थकतात. खांद्यावर घ्या. आणि स्वतःच्या पावलानं चालू नका, शेजारच्याच्या पावलानं चाला."

मग घर चाललं. सांगून पटायचं नाही, पण मी बघितलंय. छपरासकट, शिडीसकट, पांढरं फडकं गुंडाळलेल्या मधल्या खांबासकट, चाळीसएक माणसांच्या खांद्यांवर ते नारळांमधून वाट काढत उताराला लागलं. भोंग्यावरचा माणूस ओरडायचा आणि सगळे मिळून त्याला साथ द्यायचे. मध्येच थांबायचे, धापा टाकायचे, एकमेकांना शिव्या देऊन हसायचे, की पुन्हा निघायचे. मागच्या डाव्या कोपऱ्यात एक टक्कल पडलेलं डोकं दिसत होतं. ते माझ्या नवऱ्याचं होतं. ज्या माणसानं कधी स्वतःची ट्रंक हमालाशिवाय उचलली नाही, तो बुग्यांच्या, म्हणजे तिथल्या लोकांच्या, बोलीत काहीतरी ओरडत होता. अर्थ त्यालाही माहीत नव्हता.

मागून बू तेन्री. एका हातात भिंतीवरचं घड्याळ, दुसऱ्या हातानं तिनं माझा दंड धरला होता. अडीचशे पावलं असतील.

"हे किती वेळा केलं तुम्ही?" मी विचारलं.

"हे चौथ्यांदा," ती म्हणाली. "लग्न झाल्यावर सासऱ्यांच्या जागेत. मग दिराशी पटलं नाही तेव्हा टेकाडाच्या पायथ्याला. मग समुद्र आत आला तेव्हा वरच्या अंगाला. आता इथं. पण घर तेच. चूल तीच. ह्याच घरात माझी पोरं झाली."

मी मनात हिशेब केला. ती चार वेळा हलली होती आणि तिचं घर एकदाही सुटलं नव्हतं.

घर लेकीच्या अंगणात नव्या दगडांवर टेकलं. लोक तिथंच जमिनीवर बसले, गुळाची तळलेली वडी आणि मक्याची पेज आली. हे माझ्याकडं आले तेव्हा घामानं निथळत होते आणि नव्या शर्टाचा डावा खांदा फाटला होता. आत कातडं सोलवटून लाल झालेलं. बू तेन्रीनं नीलगिरीसारख्या वासाचं तेल आणून दिलं, ते मी चोळत बसले. तेहेतीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं, आणि त्यामुळंच माझा संताप आणखी वाढला.

पाक बाहारुद्दीन आमच्याजवळ येऊन बसला. "पाक भूपाल, काळजी करू नका. पलीकडच्या गावात एक घर विकायचंय. चांगलं लाकूड आहे. आम्ही आणू. तिथून इथं दोन शुक्रवार लागतील."

"ऐकलंस?" हे मला मराठीत म्हणाले. "आणतील म्हणे. अगं, घर काय, मिळतंय. माणसं बघ की!"

"माणसं काय करायचीत मला?" मी म्हणाले. "मला घर पाहिजे. न हलणारं. सिमेंटचं. ज्याला कुणी बांबू लावून उचलून नेणार नाही असलं."

"एकदा विचार कर. मी इथं राहीन गं. मला इथं बरं वाटतंय."

"तुम्हाला बरं वाटतंय म्हणून मी तेरा घरं सोडली. आता एकदा मला बरं वाटू दे."

ह्यांनी शब्द दिला होता, आणि शब्दाचे हे पक्के. थोड्या वेळानं उठून पिकअपवाल्याला म्हणाले, "ट्रंका उतरवू नकोस." पाक बाहारुद्दीननं कागद मुकाट्यानं परत घेतला आणि भाड्याचे दिलेले सगळे पैसे परत केले. निघताना एवढंच म्हणाला, "तुमचा कोपरा बरोबर राहिला, पाक. सवय नसलेला माणूस डगमगतो. तुम्ही डगमगला नाहीत."

मिरजेत आम्ही फ्लॅट घेतला. तिसरा मजला, पक्कं बांधकाम, काँक्रीटचे खांब. ट्रंका मी पहिल्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिल्या. चौदा वर्षं कुणी मला हलवलं नाही. मी सुखी होते, खोटं कशाला बोलू. बारा बिऱ्हाडांची इमारत, त्यातली सहा कुलूपबंद, मुलं बाहेरगावी. उरलेल्यांची तोंडं लिफ्टमध्ये दिसायची. ह्यांच्या डाव्या खांद्यावर रुपयाएवढा काळा डाग राहिला होता. संध्याकाळी गॅलरीत बसले की हात आपोआप तिथं जायचा.

"दुखतंय काय अजून?" मी विचारायची.

"छे," हे म्हणायचे. "दुखत नाही."

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, मंगळवारी सकाळी चहा घेता घेताच गेले. मुलाला फोन केला, तो दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत पोचणार नव्हता. "थांबू नकोस आई," तो रडत म्हणाला. नातेवाइकांना फोन केले. बावीस वर्षं गावाबाहेर काढलेल्या माणसाचे नातेवाईक ते किती असणार? जे होते ते म्हणाले, "आम्ही थेट स्मशानातच येतो." कामाचा दिवस होता, त्यांचंही चुकलं नाही.

तिरडी पार्किंगमध्ये बांधली. गल्ली गटारासाठी खणून ठेवली होती, त्यामुळं शववाहिका आत येईना, ती मोठ्या रस्त्यावर उभी. तिथपर्यंत खांद्यावरून न्यायचं होतं. कुपवाडहून आलेला भाचा होता, वॉचमन होता, आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा क्लास बुडवून थांबला होता. पहिल्या मजल्यावरचे जोशीकाका खाली आले होते, पण त्यांचं महिन्यापूर्वीच ऑपरेशन झालेलं.

"मामी, चौकातनं कुणाला तरी बोलावून आणतो," भाचा म्हणाला. "चौथं माणूस पाहिजे."

मागचा डावा कोपरा रिकामा होता.

मी पदर खोचला. भाचा म्हणाला, "मामी, बायकांनी नसतंय." मी त्याला म्हणाले, "उचला."

आधी मी दोन्ही हातांनी बांबू धरला. मग आठवलं. हात काढले, खांदा खाली घातला आणि वॉचमनच्या पावलाकडं बघत चालायला लागले. खणलेल्या मातीतून, फळ्यांवरून. खांदा सोलवटतोय हे कळत होतं. शेवटपर्यंत मी डगमगले नाही.

शववाहिकेचं दार लागलं तेव्हा मी मागं वळून वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर आमची गॅलरी, दोन खुर्च्या, दोरीवर ह्यांचा टॉवेल. सगळं जिथल्या तिथं होतं.